भरती किती वाजता?

बोटीची वेळ विचारायला फोन केला, तर पलीकडून उलट प्रश्न आला, "कोणत्या दिवशी येताय?" शनिवारी आलात तर दुपारी दोनला, रविवारी पावणेतीनला, आणि पुढच्या शनिवारी यायचं असेल तर सकाळी सव्वासातला. एकाच ठिकाणच्या एकाच फेरीच्या इतक्या वेळा का, हे मला उमगेना. मी लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या गावातली. आमच्याकडे पाण्याची वाट बघतात, पण ते आपल्या वेळेला येतं-जातं हे कुणाच्या गावी नसतं. लग्नानंतर नवी मुंबईत आले, खाडीपुलावरून रोज ये-जा करू लागले, तरी खाली कधी पाणी तर कधी नुसता चिखल का दिसतो, याचा विचार मनात आला नव्हता.

माझे वडील, आप्पा, गावाहून आले होते. त्यांना रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो दाखवायचे, म्हणून आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जायची बोट तिथूनच सुटते. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या मधला खाडीचा पश्चिमेकडचा भाग ६ ऑगस्ट २०१५ला अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १,६९० हेक्टर जागा, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त खारफुटीची आणि बाकीची पाण्याची. २०२२मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट टेकलेली होती आणि बोटवाले काका निवांत बसले होते. "पाणी भरतंय अजून. घाई नका करू, ताई," ते म्हणाले. मी घड्याळ बघत होते, आप्पा मात्र त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पाणी कधी भरणार हे कसं कळतं, असं त्यांनी विचारलं. काकांनी सांगितलं, तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो भरतीचा तास. खाडीत आतवर पाणी पोचायला आणखी थोडा वेळ धरायचा.

"म्हणजे पाऊणकी!" आप्पा म्हणाले. त्यांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. त्या दिवशी संकष्टी होती, त्यांचा उपवास होता. चतुर्थीचे तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि त्याआधी तासभर बोट. दुसऱ्या दिवशी पंचमी, पावणेचार. पुढच्या शनिवारी एकादशी, सव्वाआठ. फोनवर सांगितलेल्या तिन्ही वेळा जागच्या जागी बसल्या. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. जन्मात समुद्राच्या काठी न राहिलेल्या माझ्या वडिलांना ते माझ्याआधी कळलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि तितकंच ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार अगदी थोडा. कोळी माणूस हे हिशेब बोलता बोलता करतो.

बोट सुटेपर्यंत आम्ही खारफुटीत फिरून आलो. चिखलातून बोटभर उंचीचे काळपट खुंट वर आले होते, शेकड्यांनी. "तूर कापून नेल्यासारखं दिसतंय की गं बाई," आप्पा म्हणाले. ती तिवराची श्वसनमुळं होती. या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून झाड मुळांची टोकं वर काढून श्वास घेतं. मला सुरुवातीला नकोसा वाटलेला सडक्या अंड्यांसारखा वासही या चिखलातूनच येतो. हवेविना जगणारे जिवाणू चिखलातला पालापाचोळा कुजवतात, त्याचा तो वायू. वास आला म्हणजे जागा घाण आहे, असं मी धरून चालले होते, पण निरोगी खाजणालाही हा वास असतो.

सोबतच्या मार्गदर्शक मुलीने तिवराचं एक पान न तोडता उलटं करून दाखवलं. खालची बाजू पांढुरकी. वरच्या बाजूला बारीक चकाकणारे कण होते. बोट फिरवून जिभेला लावलं, तर मीठ! खारं पाणी मुळांवाटे आत येतं आणि नको असलेलं मीठ तिवर पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. आप्पा ते पान बराच वेळ न्याहाळत राहिले. आमच्याकडे कालव्याच्या पाण्याने जमीन खारावली की पीक जातं, माणसं रान पडीक टाकतात. इथे त्याच खारात हिरवंगार रान उभं होतं.

खाली चिखलात काहीतरी सरपटलं. बेडकाचं पिलू असेल असं वाटलं, पण तो मासा होता. निवटी म्हणतात त्याला. डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर जोर देत चिखलावरून चालत होता, मधेच उडी मारत होता. ओल्या कातडीतून श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर राहू शकतो. मासा चालताना बघून मी जागीच थांबले. रोहित दिसले नसते तरी त्या दिवशी आल्याचं सार्थक झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मग बोट निघाली. माझा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच झाला. आजूबाजूचे लोक बोट दाखवून "ते बघा, ते बघा" म्हणत होते, आणि मला लांबवर फक्त फिकट रेघ दिसत होती. जवळ गेल्यावर त्या रेघेला पाय फुटले. पण सगळे पक्षी गुलाबी नव्हते. काही पांढुरके, काही करडे. बगळे मिसळलेत का, असं मी विचारलं. करडे ते वयात न आलेले रोहित, रंग चढायला त्यांना काही वर्षं लागतात. गुलाबी रंग खाण्यातून येतो. इथे दोन जाती आहेत. मोठा रोहित उंच आणि फिकट, त्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित बुटका, रंगाने गडद, चोच लालसर काळी. इथे संख्या छोट्यांची जास्त. मोजणी काही वर्षी लाखाच्या वर गेलेली आहे. दुर्बीण हातात आली तेव्हा एकच पक्षी धरून मी बघत राहिले. मान खाली घालून त्याने चोच चक्क उलटी पाण्यात बुडवली आणि डोकं डावी-उजवीकडे हलवत चालू लागला. तो पाणी आत घेऊन गाळतो, चोचीतल्या झालरीला शैवाल अडकतं, पाणी बाहेर जातं.

हे शैवाल इथे एवढं का, याचं उत्तर ऐकून मी अस्वस्थ झाले. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल पोसतं, त्यावर छोटे रोहित. आपली घाण त्यांचं अन्न होते म्हणून चाललंय ते बरं चाललंय, असं मात्र मी म्हणणार नाही. पाणी आणखी बिघडलं तर शैवालही बदलेल, आणि पक्षी काही आपल्याला सांगून जाणार नाहीत.

बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल, हे तोवर ध्यानात आलं होतं. ओहोटीला पक्षी चिखलभर पसरतात, पण तेव्हा बोट धक्क्यावरून हलत नाही. भरती पुरती चढली की बोट कुठेही जाईल, पण उभं राहायला पक्ष्यांना जागा उरत नाही. या दोन्हींच्या मधला वेळच आपला. आमच्या डोळ्यांदेखत चिखलाची पट्टी अरुंद होत गेली, पक्षी दाटीने उभे राहिले, आणि मग एकेक थवा उठला. पंख उघडल्यावर आतला लाल आणि काळा रंग दिसला तेव्हा आप्पांनी नकळत हात जोडले.

"जातात कुठं आता?" त्यांनी विचारलं. नवी मुंबईच्या दिशेने, असं काकांनी सांगितलं. नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ तळ्यांत ते भरती ओसरेपर्यंत थांबतात. डीपीएस तळं, टी. एस. चाणक्यमागची पाणथळ, एनआरआय वसाहतीजवळची पाणथळ. ही तळी अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. २०२४च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्यात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली आणि तळं सुकलं. त्याच सुमारास नेरूळ भागात रोहित मरून पडल्याच्या बातम्या येत होत्या.

तेव्हा हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तुम्ही ऐरोलीला जरूर जा, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन जा. आणि सीवूड्स, नेरूळ भागात राहत असाल तर त्या तळ्यांवर लक्ष ठेवा. भराव पडताना दिसला, पाण्याची वाट अडवलेली दिसली, तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला आणि महापालिकेला लेखी कळवा. खाडीत अभयारण्य आहे, पण भरतीच्या वेळी उभं राहायला ही तळी नसतील तर रोहित इथे राहणार नाहीत.