हिरवी पट्टी

आमच्या घरातला कॉम्प्युटर २०११ सालचा. माणसाच्या हिशेबाने हे वय दहावीच्या क्लासला जायचं. कॉम्प्युटरच्या हिशेबाने काशीला. त्याच्या पोटातलं विंडोज सेव्हन तर २०२० सालीच रिटायर झालं. १४ जानेवारीला, ऐन भोगीच्या दिवशी त्याची अधिकृत सेवा थांबली. पण कुणी विचारत नाही अशा वस्तू आणि माणसं सांभाळायची आमच्या घराला खोडच आहे. मी बी.कॉम. सेकंड क्लास, बँकेत क्लार्क, आणि तरी घरात मला अजून जेवायला वाढतात, यावरून काय ते ओळखा.

एरवी आमचं बरं चाललं होतं. सकाळी बटण दाबायचं, आंघोळ करून यायचं, तोवर तो जागा व्हायचा. घोळ झाला नानांच्या वर्षश्राद्धाच्या वेळी. आईला भिंतीवर लावायला नानांचा हसरा फोटो हवा होता. आता आमचे नाना म्हणजे दुधनीच्या बाजारात अडत दुकानावर चाळीस वर्षं दिवाणजी. तुरीचा भाव चढला तरी हसले नाहीत, पडला तरी नाहीत. कॅमेऱ्यासमोर तर रोजमेळात तूट आल्यासारखे बसायचे. मात्र एक हसरा फोटो मी स्वतः काढला होता, आणि तो ‘नाना’ नावाच्या फोल्डरमध्ये होता, एवढं नक्की.

फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. वर एक हिरवी पट्टी निघाली, सोलापूरहून सुटलेल्या पॅसेंजरसारखी. होटगीपर्यंत झोकात आली, अक्कलकोट रोडला रेंगाळली, बोरोटीला जी थांबली ती दुधनी काही येईना. मी चहा प्यालो. पट्टी तिथंच.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, नवीन घ्या.” त्यांना कुठल्याही रोगावर हे एकच औषध ठाऊक. सौ. म्हणाली, “अहो, आत धूळ बसली असेल.” मी ओलं फडकं फिरवलं. बाहेरून डबा चकचकीत झाला. आत पट्टी बोरोटीलाच.

शेवटी गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावलं. आमच्या गावात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात. तो पाच मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, “भाळ निधान ऐत्री, साहेब.” म्हणजे फार मंद आहे. एवढं निदान मीही केलं होतं, तेही फुकट. मग त्याने डब्याला कान लावला. आतून कट्-कट् आवाज येत होता. तो गंभीर झाला. “आधी फोटो दुसरीकडे उतरवून घेऊ. ही डिस्क कधी जाईल, नेम नाही. दुसरी कॉपी कुठाय?”

दुसरी कॉपी नव्हती. दोनशे रुपयांच्या व्हाउचरला दोन सह्या मागणारा मी. बापाची मात्र एकच प्रत ठेवली होती.

त्या रात्री आम्ही दोघं जागलो. बाहेरची डिस्क जोडली होती आणि फोटो एकेक करून तिच्यात उतरत होते. मध्येच कट्-कट् झालं की माझा हात आपोआप डब्यावर जायचा, आजाऱ्याच्या कपाळावर जावा तसा. रात्री दीडला शेवटची फाइल उतरली तेव्हा कुठे पोराने दुरुस्तीला हात घातला.

जुन्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते, आणि वाचणारी सुई फाइल असेल तिथे धावते. आमच्या ‘नाना’ फोल्डरवर यंत्राने परस्पर ‘चित्रं’ असा शिक्का मारून ठेवलेला. त्यामुळे उघडायच्या आधी ते प्रत्येक फाइलच्या दारात जाऊन विचारायचं: तू कधी काढलीस, तुझं तोंड दाखव. चार हजार दारं! त्यात माझी बँकेची सर्क्युलरं आणि वीजबिलंही. तेवढ्या चौकशा म्हाताऱ्या सुईला कशा झेपाव्यात? पोराने प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘पिक्चर्स’चं ‘जनरल आयटम्स’ केलं, छोटी चित्रं दाखवणं बंद केलं. फोल्डर चुटकीसरशी उघडला. पुढच्या आठवड्यात सुई-तबकडी नसलेली नवी डिस्कही बसवली, पण ती नंतरची गोष्ट.

मला दुकानातले नाना आठवले. शेठजींनी दहा वर्षांपूर्वीचं खातं विचारलं, की न बघता हात मागे जायचा आणि नेमकी खतावणी बाहेर यायची. बाकीच्या वह्यांना ते बोटही लावत नसत.

फोटो सापडला. नाना खरंच हसत होते, तोंड भरून. फक्त डाव्या कोपऱ्यात चहाचा कप धरलेला हात होता, हिरव्या बांगड्यांचा. आईचा. त्या दिवशी तिसऱ्यांदा चहा मागितला म्हणून ती त्यांना चांगली झापत होती.

फ्रेमवाला म्हणाला, “हा हात कापून टाकतो. जिवंत माणसाचा हात गेलेल्याच्या फोटोत बरा नव्हे.” शेजारच्या काकूंनीही तीच री ओढली. मी आईकडे बघितलं. तिने चष्मा पुसला, फोटो हातभर लांब धरून पुन्हा पाहिला.

“राहू दे,” ती म्हणाली. “हात काढला तर लोकांना वाटेल, हे उगीचच हसत होते.”