कोरं मशीन

हाताने सर्व्हर उभा करणाऱ्याच्या डोक्यात बरंच काही राहून जातं. कुठलं पॅकेज आधी टाकलं, कुठल्या फाइलचे हक्क बदलले, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मशीन चालू असतं, तोवर त्याची गरजही भासत नाही. हीच उभारणी आपोआप करणारं अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक लिहायला घेतलं की याच गोष्टी आडव्या येतात. जुन्या मशीनवर ते बिनबोभाट चालतं आणि नव्यावर अडतं. म्हणून चाचणीला मला कोरं मशीनच लागतं.

मिचेल हाशिमोतो यांनी २०१० साली व्हेग्रंट आणलं आणि असं मशीन मिळवणं सोपं झालं. व्हेग्रंटफाइलमध्ये बॉक्सचं नाव, एक खासगी आयपी आणि १०२४ एमबी रॅम लिहायची. ‘व्हेग्रंट अप’ म्हटलं की व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स उभं. ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ म्हटलं की नाहीसं. मला ही दुसरी आज्ञा जास्त मोलाची वाटते.

प्लेबुक एकदा नीट चाललं की मी लगेच पुन्हा चालवतो. या वेळी ‘चेंज्ड’पुढे शून्य दिसायला हवं. शेल मॉड्यूलमधून ‘इको’ने फाइलच्या शेवटी ओळ जोडली असेल, तर ती दर वेळी नव्याने जोडली जाते आणि ‘चेंज्ड’ शून्य होत नाही. तेच काम ‘लाइनइनफाइल’ला दिलं, तर ते आधी ओळ आहे का ते बघतं. शेलच्या त्या ‘चेंज्ड’वर हँडलर टांगलेला असला, तर गरज नसताना चालू सेवा रीस्टार्ट होते, आणि ग्राहकाचं काम मधेच तुटतं. या शून्यासाठी मी वेळ खर्च करतो आणि तो सार्थकी लागतो असं मला ठामपणे वाटतं.

मग रीबूट. सेवा सुरू केली, पण ‘इनेबल’ करायची राहिली. फायरवॉलचा नियम लावला, पण कायमचा साठवला नाही: हे सारं मशीन बंद होऊन परत आल्यावरच उघडं पडतं. डॉकरचा कंटेनर झटक्यात उभा राहतो खरा, पण त्यात सहसा सेवा सांभाळणारं सिस्टमडी नसतं, आणि कर्नलही यजमानाचंच. या कामाला तो पुरत नाही.

स्नॅपशॉट मी लिहिता लिहिता घेतो. शेवटच्या चाचणीला मात्र कधीच वापरत नाही, कारण ते कोरं मशीन नसतं.

टीममध्ये नव्याने आलेल्यांना मी प्लेबुक समजावून सांगायला लावत नाही, मशीन पाडायला सांगतो. कुणाचा हात थबकला, तर विचारतो, ‘काय लिहायचं राहिलंय?’ बहुतेकांना उत्तर लगेच सापडतं.