या आठवड्याचा शब्द: गंज

ड्युसेलडॉर्फला राहायला आले तेव्हा सुरुवातीला मी नुसते देखणे फोटो काढत सुटले होते. कोलोनचं कथीड्रल, ऱ्हाइनवरचा सूर्यास्त, ख्रिसमसच्या बाजारातले दिवे. घरच्या ग्रुपवर त्यांचं कौतुक व्हायचं, पण त्याहून सरस फोटो स्टेशनवरच्या पोस्टकार्डांवर असायचे. मग ऑफिसातल्या काही हौशी मंडळींनी मला आपल्यात ओढलं. रविवारी रात्री कुणीतरी एक शब्द पाठवणार आणि पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकानं त्यावर एक फोटो काढायचा. जुना फोटो चालणार नाही, आणि खाली स्पष्टीकरण लिहायचं नाही.

शब्द जेवढा भारदस्त, तेवढे फोटो पडेल, हे लवकरच कळलं. ‘प्रेम’ आलं त्या आठवड्यात निम्म्या लोकांनी कोलोनच्या होहेनझोलर्न पुलावरची कुलपं पाठवली. ‘स्वातंत्र्य’ आलं की पक्षी. जर्मनी मला दाखवला तो ‘शिडी’, ‘भोक’, ‘गंज’ असल्या किरकोळ शब्दांनी.

‘गंज’साठी ड्यूसबर्ग गाठलं. तिथला माइडरिखचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. तो पाडून मोकळी जमीन करण्याऐवजी पेटर लात्स या भूदृश्य-रचनाकारानं सगळा सांगाडा जागच्या जागी ठेवून त्याची बाग केली. तिकीट नाही, रात्रीही जाता येतं. खनिज साठवायच्या कोठ्यांत झाडं लावली आहेत, काँक्रीटच्या भिंतींवर पोरं दोर लावून चढतात, आणि वायूच्या अजस्र टाकीत पाणी भरून तिथे चक्क डायव्हिंग चालतं. थंड पडलेल्या झोतभट्टीवर लोखंडी जिन्यांनी थेट माथ्यापर्यंत जाता येतं. वर जाताना गुडघे बोलायला लागतात, पण गंजाचे रंग बघत थांबायला निमित्तही मिळतं: कुठे काळपट जांभळा, कुठे हळद्या, आणि एका पाइपावर तर अगदी गेरू लावलेल्या तुळशीवृंदावनाचा.

आभाळ नेहमीप्रमाणे राखाडी होतं. त्या आभाळाला मी आल्यापासून शिव्या घालत होते. पण याच भागात बर्न्ड आणि हिला बेखर हे जोडपं अशाच आभाळाची वाट बघत बसायचं. १९५९ पासून पुढे कित्येक दशकं त्यांनी पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले. सावली नको म्हणून ढगाळ दिवशी, समोरून, काळ्या-पांढऱ्यात. मग एकाच जातीच्या टाक्या ओळीनं मांडायच्या, म्हणजे एकीचं डोकं दुसरीपेक्षा किती वेगळं ते दिसतं. १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांना पारितोषिक मिळालं ते शिल्पकलेचं! त्यांचे फोटो पाहिल्यावर मीही उन्हाची वाट बघणं सोडलं. गंज मात्र रंगीतच काढला; तेवढी भक्ती माझ्यात नाही.

‘उडी’ला वुपर्टाल. इथली १९०१ सालची रेल्वे रुळाखाली लटकत धावते, बराचसा मार्ग वुपर नदीच्या वरून. १९५० मध्ये एका सर्कशीनं जाहिरातीसाठी टुफी नावाची छोटी हत्तीण या गाडीत चढवली. ती बिथरली आणि डबा फोडून खाली नदीत पडली. थोडंसं खरचटण्यावर निभावलं. गाडीत पत्रकार होते, तरी त्या उडीचा फोटो एकाकडेही नाही. पोस्टकार्डावर दिसतो तो जुळवलेला आहे. मी गाडीच्या मागच्या काचेतून खालची रिकामी नदी टिपली. ‘यात उडी कुठंय?’ असं सगळ्यांनी विचारलं, आणि नियमाप्रमाणे मला गप्प बसावं लागलं.

सगळ्यात अवघड गेला ‘चेहरा’. पुण्यात मंडईत कॅमेरा काढला की ‘ताई, आमचा पण काढा की’ म्हणून लोक समोर येतात. इथे शनिवारच्या बाजारात चीजवाल्या बाईंनी हात आडवा केला. कायदाही त्यांच्याच बाजूचा. १८९८ मध्ये दोन फोटोग्राफर रात्री बिस्मार्कच्या घरात घुसले आणि त्याच्या मृतदेहाचा फोटो काढून आले. त्यावरून खटला झाला, आणि १९०७ च्या कायद्यानं स्वतःच्या छबीवरचा हक्क ज्याचा त्याला दिला. काही अपवाद सोडले तर परवानगीशिवाय कुणाचा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. २०१० मध्ये गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये २ लाख ४४ हजार कुटुंबांनी आपलं घरही पुसट करायला लावलं होतं, मग चेहऱ्याची काय कथा!

शेवटी शहराबाहेरच्या भाड्याच्या बागांकडे गेले. अशा बागेचा साधारण तिसरा हिस्सा फळं-भाज्यांसाठी राखावाच लागतो, त्यामुळे बाग भाड्यानं घेणाऱ्यांना त्यांचा अभिमान फार. कुंपणाशी उभ्या एका आजोबांना विचारलं. ते ‘थांबा’ म्हणून झोपडीत गेले, शर्ट बदलून, केस विंचरून आले आणि टोमॅटोच्या रोपांपुढे ताठ उभे राहिले. फोटो मोबाइलवर नको, कागदावर हवा, एवढीच अट.

मी टपालानं पाठवला. आठवड्यानं पोच आली: चेहरा ठीक आहे, पण उजवीकडचं रोप अर्धं कापलं गेलंय, आणि तेच सगळ्यात चांगलं आहे. ऑगस्टमध्ये फळं लाल होतील, तेव्हा पुन्हा या.