हिणाची थोरवी

लहानपणी आमच्या घरात ॲल्युमिनियमला कोणी ॲल्युमिनियम म्हणत नसे. ते 'जर्मन'चे पातेले! वजनाला हलके, मानाला त्याहून हलके, आणि जरा आपटले की पोचा आलाच.

पुढे नोकरीनिमित्त जळगावात आलो. इथे धातूंची जातपात पाठ असावीच लागते. सराफ बाजारात सोने कसाला उतरले पाहिजे. त्यात मिसळलेले तांबे म्हणजे 'हीण'. दागिना टिकावा म्हणून 22 कॅरटच्या सोन्यातही 24 भागांत 2 भाग हीण असतेच, हे आपण सोयीने विसरतो. पण मराठीचा मास्तर म्हणून मला त्यातून निघालेल्या 'हिणकस' या शब्दाचे भय वाटते. तो सोन्याला सोडून माणसांना चिकटला.

धुळे जिल्ह्यातल्या, साक्रीकडच्या एका मुलाला तो चिकटलेला मी पाहिला. उत्तर द्यायला उठला आणि म्हणाला, "सर, मी सांगस." वर्गात हशा पिकला. शुद्ध मराठीत अहिराणीची भेसळ! पोराने पुढे वर्षभर तोंड उघडले नाही.

गेल्या दिवाळीत तो धुळ्याच्या एस. टी. स्टँडवर भेटला. नाशिकजवळ ओझरला, जिथे मिग-21 घडली आणि पुढे सुखोई-30, तिथे तो विमानांच्या कामावर आहे. म्हणाला, "सर, विमान आपल्या जर्मनचेच असते. फक्त त्यात हीण घालतात."

मग त्यानेच मला शिकवले. 1906 साली आल्फ्रेड विल्म या खऱ्याखुऱ्या जर्मनाने ॲल्युमिनियममध्ये शेकडा 4 भाग तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळले, तापवून पाण्यात बुडवले. गोष्ट अशी सांगतात की, शनिवारी पाहिले तर विशेष काही नाही. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी पाहतात तो धातू पडल्या पडल्या कठीण झालेला! तांब्याचे अतिसूक्ष्म पुंजके आत जागोजाग जमतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. ताकद शुद्ध ॲल्युमिनियमच्या चौपट, वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. विमानांचे पंख काय, शर्यतीच्या मोटारींचे भाग काय, अशाच मिश्रधातूंचे.

"म्हणजे शुद्ध ते निकामी?" मी विचारले.

"तसे नाही, सर. तांब्यामुळे हा धातू हवेत लवकर गंजतो. म्हणून पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. ऊनपाऊस वरचा थर सोसतो, भार आतला धातू पेलतो."

हे सारे तो स्वच्छ, प्रमाण मराठीत सांगत होता. कुठे अडखळणे नाही, कुठे चूक नाही. एवढ्यात त्याचा फोन वाजला. गावाहून आई बोलत होती.

"हां माय, मी येस," तो म्हणाला.

वरचा थर बाजूला झाला होता.