बावीस सेकंद

‘सगळ्यांना एकसारखीच गाडी दिल्यावर शर्यत कसली? ती कंपनीची जाहिरात!’ हे मी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. भोसरीत तीस वर्षं गिअरच्या दातांत डोकं घालून बसलेला माणूस मी. माझ्या लेखी मोटार रेसिंग म्हणजे इंजिनिअरांची कुस्ती. ड्रायव्हर आपला स्टिअरिंग धरायला. बैलगाडा शर्यतीत नाही का, नाव बैलाचं होतं! आणि पोर्शे सुपरकपमध्ये तर पहिला, दुसरा, शेवटचा, सगळे नंबर पोर्शेचेच. कंपनीला हरायची सोयच नाही.

जुलै 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या पुतणीने मला बेल्जियमच्या स्पा सर्किटवर नेलं, अर्थात फॉर्म्युला वन बघायला. त्याआधी सुपरकपची शर्यत होती. ती सुरू झाली तेव्हा मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडून बसलो होतो.

‘‘काका, ह्या सगळ्यांचे गिअरबॉक्स सारखेच?’’ पुतणीने विचारलं. विषय माझाच निघाला, मग काय! सहा गिअरचा सिक्वेन्शियल, चार लिटरचं इंजिन, 510 अश्वशक्ती, वजन साधारण 1260 किलो. गाडी बांधली जाते झुफेनहाउसेनच्या कारखान्यात, रस्त्यावरच्या पोर्शे 911 बरोबर एकाच लाइनवर. इंजिनाला सील. टायर एकाच कंपनीचे आणि मोजून दिलेले. संघाने हात लावायचा तो पंखाचा कोन, गाडीची जमिनीपासूनची उंची, अँटी-रोल बार, टायरमधली हवा असल्या गोष्टींना. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे नाक हलकं. वळणात शिरतानाही ब्रेक थोडा दाबून धरला नाही, तर पुढची चाकं वळायचं नाव घेत नाहीत. जास्त दाबला, तर ती लॉक होतात.

हे सगळं मी फुशारकीने सांगत होतो आणि सांगता सांगताच अडखळलो. इंजिनिअरला करण्यासारखं जे जे होतं, ते नियमांनी बंद केलं होतं. मग समोरच्या ला सूर्सच्या वळणावर एक गाडी दुसरीच्या आधी ब्रेक मारत होती, ती कोणामुळे? पुऱ्या राहिल्या बाजूला.

उरलासुरला माज दुपारी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला. गिअरबॉक्स बदलल्याचा दंड म्हणून वेरस्टॅपेन सहाव्या जागेवरून सुटला (गिअरबॉक्स, बघा!) आणि जिंकला. दुसरा आला तो त्याचाच जोडीदार पेरेझ, तशीच रेड बुल घेऊन, आणि सुटला होता त्याच्या पुढून. अंतर बावीस सेकंद. म्हणजे मी ज्याला यंत्रांचा सामना म्हणत होतो, तिथेसुद्धा ड्रायव्हरची खरी परीक्षा जोडीदारासमोरच होते. बाकीच्यांसमोर हरला, तर गाडीला नावं ठेवायला मोकळा. सुपरकपमध्ये तिसाच्या आसपास गाड्या, आणि सगळेच एकमेकांचे जोडीदार.

घरी येऊन जुने निकाल चाळले. 2014 चा सुपरकप विजेता न्यूझीलंडचा अर्ल बॅम्बर. पुढच्याच वर्षी त्याने पोर्शेच्या संघातून टँडी आणि हुल्केनबर्गबरोबर ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. जाहिरात म्हणून मी ज्याला हिणवत होतो, तिथे कंपनी माणसं पारखत होती.

सगळंच मागे घेत नाही. ही गाडी बाजारात आली तेव्हाची किंमत करांशिवाय 2,25,000 युरो. ज्याच्या संघाकडे सरावाचे दिवस जास्त, डेटा वाचणारा माणूस चांगला, त्याची गाडी ‘सारखी’ असूनही जरा जास्तच सारखी असते. आणि कंपनी अजूनही हरत नाही, उलट गाड्या विकते, सुटे भाग विकते.

पुतणीला फोनवर हे कबूल केलं. ती म्हणाली, ‘‘काका, मग तुमचे गिअर?’’ गिअर सगळ्यांचे सारखेच होते, म्हटलं, आणि विषय पुऱ्यांवर नेला.