पानं किती?

"सर, हे परीक्षेला आहे का?" वर्गात हा प्रश्न आला की शिकवण्यातला जीवच जातो. पण मुलं निदान मार्कांच्या धास्तीनं विचारतात. परीक्षकाच्या खुर्चीत बसून आपण जे विचारतो, त्याचं काय?

परवा इतिहासाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा होती. समोर सोलापूरजवळच्या होटगीचा मुलगा. विषय 'भारतीय रेल्वेचा इतिहास : एक चिकित्सक अभ्यास'. स्पायरल बाइंडिंग, आत १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, सगळं जिथल्या तिथं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही चाळली. "पानं किती?" "बावन्न." "संदर्भग्रंथ?" "अकरा." "छान." सही झाली.

मला गप्प बसवेना. अहो, हा मुलगा जंक्शनवर राहतो! मुंबईहून निघालेली ब्रॉडगेज १८७१ साली रायचूरला मद्रासच्या रेल्वेला भिडली, ती होटगीवरूनच. पुढे इथूनच विजापूर-गदगकडे मीटरगेज फुटली. एकीच्या दोन रुळांमधली रुंदी साडेपाच फूट, दुसरीच्या जेमतेम सव्वातीन. डबा पुढे जाणार कसा? मग पोतं न् पोतं या वाघिणीतून उतरवून त्या वाघिणीत चढवायचं. कुठल्याशा कचेरीत ठरलेल्या रुंदीचा भार असा होटगीच्या माणसांच्या पाठीवर आला. पुढे रुंदीकरण झालं आणि ते कामही गेलं.

"घरात कुणी रेल्वेत होतं?" जिन्यात गाठून मी त्याला विचारलं.

"आजोबा. हमाल होते, माल बदलायला."

बावन्न पानांत आजोबांची एक ओळ नव्हती. त्याला बोल कसा लावू? पहिलीपासून पदवीपर्यंत घराकडं बघून प्रश्न विचार असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि हे घडतं कुठं, तर सोन्नलगीच्या, म्हणजे सोलापूरच्या, मुलखात. बाराव्या शतकात इथं शिवयोगी सिद्धराम तळं खोदवून घेत होते. वचनकार अल्लमप्रभू आले आणि त्यांनी त्या पुण्यकर्मालाच प्रश्न केला. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात तो प्रसंग आहे. काम करणाऱ्याला मुळापासून हलवणारा प्रश्न होता तो, आणि सिद्धराम पुढे बसवण्णांच्या कल्याणची वाट चालले. एवढी थोर प्रश्नपरंपरा अंगणात असताना आम्ही पानं मोजतो, याचा मला खरोखर संताप येतो.

मी त्याला म्हटलं, घरी जा आणि विचार. मजुरी रोजावर होती की पोत्यावर? पोत्यांत काय असायचं? मुकादम कन्नडमधून ओरडायचा की मराठीतून? मीटरगेज उखडल्यावर तुम्ही सगळे कुठं गेलात?

तो वहीच्या मागच्या पानावर भराभर लिहीत होता. मध्येच थांबला.

"सर, पण आजोबांना संदर्भग्रंथांत कुठं टाकायचं?"

इतका चांगला प्रश्न त्या इमारतीत मी फार दिवसांनी ऐकला. पुढच्या मुलाला हाक येईपर्यंत आम्ही दोघं जिन्यातच त्यावर बोलत बसलो.