दांड्याचे कुलूप

आमच्या मोटारीचे गिअर आपोआप बदलतात, याचा आम्हांस थोडा अभिमान होता. तो धाड येथे उतरला. तेथील एका स्नेह्याकडे मुक्काम करून आम्ही सकाळी आठास बुलढाण्याकडे निघालो. नऊ वाजता ताईंची शस्त्रक्रिया व्हावयाची होती, आणि आत जाण्यापूर्वी भेटण्याचे आम्ही त्यांस वचन दिले होते. एंजिन सुरू झाले, ब्रेकवर पाय दाबला. पण गिअरचा दांडा ‘पी’ अक्षरावरून तसूभर हलेना! अंगचा सारा जोर लावला, व्यर्थ.

स्नेह्यांनी शेजारच्या मिस्त्रीस बोलाविले. दांड्याकडे न पाहता तो गाडीच्या मागे गेला. “सर, ब्रेक दाबा बरं. हं, दिवे लागत नाहीत. स्विच गेला.”

दिव्यांचा आणि दांड्याचा संबंध काय? तो असा : ब्रेक दाबताच पेडलजवळचा स्विच मागचे दिवे लावतो, त्याच खुणेवर विजेचे चुंबक दांड्याखालील अडसर सरकविते. पाय खरोखर ब्रेकवर आहे की नाही, हे कुलुपास कळत नाही. स्विच सांगेल तेच त्याचे सत्य. (सही नाही म्हणून समोर बसलेल्या विद्यार्थ्यास गैरहजर धरणाऱ्या आम्ही याविषयी तक्रार ती काय करावी!)

हे कुलूप आले तेही पायांच्या घोटाळ्यातूनच. ‘आउडी 5000’ मोटारी आपोआप उधळतात, असा अमेरिकेत गवगवा झाला तेव्हा कंपनीने 1987 साली त्या परत बोलावून त्यांस ते बसविले. 1989 च्या सरकारी अहवालाने अशा अपघातांचा दोष मुख्यत्वे ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या पायांस दिला.

मिस्त्रीने दांड्याजवळचे इवलेसे झाकण उचकटले, आत पेचकस दाबला आणि दांडा मुकाट सरकविला. “म्हणजे निघावयास हरकत नाही!” आम्ही म्हणालो.

“गाडी निघंल, सर. पण तुम्ही ब्रेक मारला हे मागच्या ट्रकवाल्याला कसं कळंल?”

आम्ही घड्याळाकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि खाली उतरलो. नवा स्विच बसेपर्यंत अर्धा तास गेला.

बुलढाण्यास पोहोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. ताईंस आत नेले होते. परिचारिकेने त्यांचा चष्मा आमच्या हाती दिला. तो सांभाळावयास त्यांनी आमचेच नाव सांगून ठेविले होते.